अज्ञानाचा हिशेब

१८६५ साली रुडॉल्फ क्लॉझियस या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला एका नव्या राशीसाठी नाव हवं होतं. ते त्याने ग्रीकमधून घेतलं. 'ट्रोपी' म्हणजे वळण, रूपांतर. आधीच रुळलेल्या 'एनर्जी'शी नाव जुळावं म्हणून पुढे 'एन' लावलं आणि 'एन्ट्रॉपी' हा शब्द तयार झाला. ग्रीकच का, याचंही कारण त्याने देऊन ठेवलं आहे. महत्त्वाच्या राशींची नावं प्राचीन भाषांतून घ्यावीत, म्हणजे ती सगळ्या आधुनिक भाषांत जशीच्या तशी चालतील. थोडक्यात, भाषांतर करावंच लागू नये अशा हेतूने घडवलेला हा शब्द आहे. भाषांतरावर पोट असलेल्या माणसाचं अशा शब्दाकडे लक्ष जाणं साहजिकच.

मी बंगालीतून मराठीत भाषांतरं करते. तौलनिक साहित्यात एम.ए. केलं ते कोलकात्यात, आणि पुढे तिथेच राहिले. काही वर्षांपूर्वी भौतिकीच्या एका पाठ्यपुस्तकातली उष्मागतिकी आणि सांख्यिकीय भौतिकीवरची प्रकरणं मराठीत आणण्याचं काम आलं. परिभाषाकोशात शब्द मिळतात, पण एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जाण्याची वाट मिळत नाही. म्हणून एका प्राध्यापकांची परवानगी काढून वर्षभर एम.एस्सी.च्या वर्गात मागच्या बाकावर बसले. पोरं वीस-बावीस वर्षांची, मला 'दिदी' म्हणायची. गणित त्यांच्याकडून शिकले. त्या वर्षात जो प्रश्न मनात रुतला तो मात्र गणिताचा नव्हता. काहीतरी सोडून दिल्याशिवाय, विसरल्याशिवाय काहीच कळू शकत नाही, हे त्या विषयाचं पहिलं पान सांगतं. मग विसरण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटीवर?

उष्मागतिकी हा तसा विलक्षण संयमाचा विषय. वाफेच्या इंजिनातून तो जन्मला. सादी कार्नोचं पुस्तक १८२४ चं. उष्णता म्हणजे नेमकं काय हेही तेव्हा ठरलेलं नव्हतं, पण इंजिनाकडून जास्तीत जास्त किती काम मिळू शकतं याची मर्यादा त्याने सांगितली आणि ती आजही टिकून आहे. दाब, आकारमान, तापमान अशा मोजक्या गोष्टी धरायच्या आणि आत काय चाललं आहे याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी या शास्त्राची रीत. सुरुवातीच्या तासांना मला सगळ्यात जास्त आवडली ती तिथली लिहिण्याची एक शिस्त. एक राशी बदलली की दुसरी किती बदलते, हे लिहिताना कंसाच्या पायथ्याशी बारीक अक्षरात आणखी एक चिन्ह लिहावं लागतं: हे सगळं होत असताना काय स्थिर ठेवलं होतं. दाब स्थिर ठेवून वायू तापवला तर एक उत्तर येतं, आकारमान स्थिर ठेवलं तर दुसरं. ते बारीक अक्षर गाळलं तर विधान चूकही ठरत नाही, ते निरर्थक होतं. एका मुलाने परीक्षेत ते गाळलं तेव्हा सरांनी गुण कापले आणि म्हणाले, "कशाच्या बदल्यात बोलतो आहेस ते सांगितलं नाहीस, तर मी ऐकू कशाला?" वर्तमानपत्रांतल्या किती वाक्यांना हा प्रश्न विचारता येईल, असं तेव्हापासून वाटत आलं आहे.

दुसऱ्या सत्रात रेणू आले, आणि त्यांच्यासोबत मोजणी. एका लिटर हवेत साधारण पंचवीसवर एकवीस शून्यं इतके रेणू असतात. त्यांतला प्रत्येक कुठे आहे, किती वेगाने कुठे चालला आहे, हे सगळं मिळून झाली सूक्ष्म अवस्था. ती आपल्याला कधीच कळणार नाही. आपल्या हाती असते ती स्थूल अवस्था: इतका दाब, इतकं तापमान. एका स्थूल अवस्थेत बसतील अशा सूक्ष्म अवस्था असंख्य असतात. त्या किती, हे मोजलं की एन्ट्रॉपी मिळते. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत लुडविग बोल्ट्झमनच्या थडग्यावर हे सूत्र कोरलेलं आहे: एस = के लॉग डब्ल्यू. सूत्राचं हे रूप मॅक्स प्लांकने लिहिलं, कल्पना बोल्ट्झमनची. त्यातला डब्ल्यू म्हणजे शक्यतांची संख्या. आपल्या वर्णनात बसू शकणाऱ्या, पण आपण एकमेकींपासून वेगळ्या न काढलेल्या शक्यता किती, याची ती नोंद.

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, हे वाक्य आपण शाळेत कुठेतरी ऐकलेलं असतं. भाषांतर करताना ते मला वापरावंसं वाटलं नाही. अव्यवस्था म्हटलं की पसारा डोळ्यांपुढे येतो आणि पसाऱ्यामागे निंदाही येते. एन्ट्रॉपीत निंदा नाही. मी जे सांगितलं त्यात न सांगितलेलं किती उरलं, एवढंच ती सांगते. इतर शास्त्रं काय कळलं ते मोजतात. हे शास्त्र काय कळलेलं नाही ते मोजतं, त्याला एकक देतं आणि जमाखर्चात मांडतं.

एका तासाला एका मुलीने विचारलं, "सर, मग एन्ट्रॉपी वायूत असते की आपल्या डोक्यात?" वर्ग हसला, सर हसले नाहीत. ते म्हणाले, वायूच्या ज्या वर्णनावर तू आणि मी सहमत झालो, त्या वर्णनाची ती असते. मग त्यांनी गिब्जचा विरोधाभास सांगितला. पेटीच्या दोन कप्प्यांत दोन वेगळे वायू आहेत. मधला पडदा काढला की ते मिसळतात आणि एन्ट्रॉपी वाढते. दोन्हीकडे एकच वायू असेल तर पडदा काढल्याने काहीच बदलत नाही. आता समजा, दोन वायू अगदी किंचित वेगळे आहेत आणि तो फरक ओळखण्याचं साधन आपल्याकडे नाही. मग वाढ धरायची की नाही? ई. टी. जेन्ससारख्या भौतिकशास्त्रज्ञाने याचं उत्तर असं दिलं: तुम्ही कोणते फरक हाताळायचं ठरवलं आहे यावर ते अवलंबून आहे. एखादा फरक तुमच्या प्रयोगात कुठेच येणार नसेल, तर तो न मोजता तुमचा हिशेब बरोबर ठरतो. पण ज्याला तो फरक वापरता येतो त्याचा हिशेब वेगळा येतो, आणि तोही बरोबरच असतो.

मोजणीच्या आधी एक निवड असते, हे मला इथे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. काय वेगळं धरायचं हे ठरल्याशिवाय एक-दोन-तीन म्हणताच येत नाही.

त्या निवडीतून काय घडू शकतं याची मोठी गोष्ट बंगालमध्येच घडली आहे. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकच्या सूत्राची नवी सिद्धता लिहिली आणि आइन्स्टाइनला पाठवली. आइन्स्टाइनने ती स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवून आणली. त्याआधी बोस आणि मेघनाद साहा यांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे लेख इंग्रजीत आणले होते आणि कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये ते प्रसिद्ध केले होते. माझ्या व्यवसायात याहून सुंदर परतफेड मला माहीत नाही. बोस यांच्या मोजणीचा अर्थ पुढे असा लावला गेला: दोन नाणी फेकली तर आपण चार शक्यता धरतो. दोन्ही छापा, दोन्ही काटा, पहिलं छापा-दुसरं काटा आणि पहिलं काटा-दुसरं छापा. पण ती नाणी प्रकाशकणांसारखी असतील तर 'पहिलं' आणि 'दुसरं' या शब्दांनाच अर्थ उरत नाही. शक्यता तीनच राहतात, आणि दोन्ही छापा पडण्याची संभाव्यता एक चतुर्थांशऐवजी एक तृतीयांश होते. प्रयोग या मोजणीच्या बाजूने कौल देतात. प्रकाशकणांना नावं नसतात. ती आपण विसरलो असं झालेलं नाही, मुळात ती नव्हतीच.

प्रकाशकणांचं हे सारखेपण निसर्गातलंच आहे. दुसऱ्या प्रकारचं सारखेपण आपण ठरवून आणतो. मतपेटीतल्या चिठ्ठ्या घ्या. प्रत्येक चिठ्ठी कोणाच्या तरी हाताने टाकलेली असते. त्या हाताला जात असते, गाव असतं, कर्ज असतं. मोजताना हे सगळं आपण मुद्दाम पुसतो आणि चिठ्ठ्यांचा क्रम लावता येऊ नये अशी व्यवस्था करतो. आडनाव ऐकल्याबरोबर माणसाची किंमत ठरवणाऱ्या आपल्या देशात फरक विसरण्याची ही सक्ती फार मोठी नैतिक कमाई आहे. त्यामुळे 'माणसाचा आकडा केला' या तक्रारीत मी सरसकट सामील होऊ शकत नाही. आकडा होण्यातही न्याय असू शकतो. शतकानुशतकं ज्यांना मोजण्यात धरलंच नव्हतं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात फरक असतो, विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंधही असतो, आणि तरी तो पुसला जातो. दुसरा आणि तिसरा प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. दोन्हींत बेरीज असते, भागाकार असतो, सरासरी असते. मग त्यांना वेगळं ओळखायचं कशावरून?

सांख्यिकीय भौतिकी सरासरी वापरते, पण आधी दोन अटी घालते. पहिली अट संख्येची. हवेने भरलेल्या एक लिटरच्या कुपीचं तोंड उघडं ठेवलं तर आतल्या रेणूंची संख्या सतत थोडी कमी-जास्त होत राहते. तो चढउतार एकूण संख्येच्या मानाने किती? सुमारे सोळा हजार कोटींत एक भाग. म्हणजे सरासरी आणि प्रत्यक्ष यांतला फरक कोणत्याही व्यवहारात जाणवणार नाही. पण त्याच नियमाने शंभर रेणूंच्या बाबतीत हा चढउतार दहा टक्के होतो. दुसरी अट समतोलाची. रेणू एकमेकांवर आदळत राहतात, ज्याच्याकडे ऊर्जा जास्त आहे तो ती देत राहतो, कमी असलेला घेत राहतो, आणि अगदी थोड्या वेळात ऊर्जेची वाटणी ठरावीक रूपाला येते. त्यानंतरच 'या वायूचं तापमान' या शब्दांना अर्थ येतो. पेटीचा एक कोपरा तापलेला आणि दुसरा गोठलेला असताना सबंध पेटीचं तापमान विचारलं तर परीक्षेत योग्य उत्तर एकच: असं तापमान अस्तित्वात नाही. आकडे बेरजेला हजर असतात, भागाकारही करता येतो, पण आलेला आकडा कशाचंच वर्णन करत नाही.

सरासरीने विचार करण्याची ही रीत भौतिकीत आली त्याआधी समाजाच्या आकडेवारीत रुळली होती, हे मला वर्गाबाहेरच्या वाचनात कळलं. बेल्जियमच्या अडॉल्फ केतलेने १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. पुढे मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन या दोघांनीही रेणूंबद्दल लिहिताना माणसांच्या आकडेवारीची उपमा वापरली. उपमा माणसांकडून रेणूंकडे गेली, तिथे तिला कडक अटी लागल्या, आणि मग भौतिकीचा दबदबा घेऊन ती माणसांकडे परतली. येताना अटी मात्र तिकडेच राहिल्या.

त्या अटी नसल्या की काय होतं, हे पाहायला मला कोलकात्याबाहेर जावं लागत नाही. १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून निघालेली माणसं या शहराच्या पदपथांवर मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात त्या वर्षीच्या अन्नधान्याचा हिशेब मांडला. बंगालमध्ये उपलब्ध असलेलं धान्य आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होतं, आणि १९४१ पेक्षा तर तेरा टक्क्यांनी जास्त होतं. १९४१ मध्ये दुष्काळ नव्हता. दरडोई धान्य हा आकडा धरला तर १९४३ मध्ये इतकी माणसं मरायचं कारणच दिसत नाही. पण शेतमजुराची मजुरी आणि तांदळाचा भाव यांतलं अंतर धरलं, मच्छीमाराच्या मासळीच्या बदल्यात किती तांदूळ मिळतो हे धरलं, की कारण दिसू लागतं. युद्धाच्या खर्चाने शहरात पैसा आला होता, भाव चढले होते, आणि खेड्यातल्या मजुराच्या हातात त्या भावाने विकत घेण्याइतकं काही नव्हतं. पेटीचा एक कोपरा तापलेला होता, दुसरा गोठलेला. सबंध पेटीचं तापमान मात्र ठीक दिसत होतं.

मेलेल्यांच्या संख्येबद्दल चौकशी आयोगाचा अंदाज सुमारे पंधरा लाख, सेन यांचा सुमारे तीस लाख. या दोन आकड्यांकडे मी फार वेळ पाहिलं आहे. त्यांच्यामध्ये पंधरा लाख माणसं आहेत. ती मेली असतील किंवा नसतीलही. नोंदच नसेल तर मरणसुद्धा शक्यता होऊन राहतं.

इथे एखादा भौतिकशास्त्रज्ञ मला थांबवेल, आणि त्याने थांबवावंच. रेणूंना दुःख नसतं, त्यांच्यावर अन्याय होत नाही. एन्ट्रॉपीला नीतीच्या दावणीला बांधणं ही साहित्यवाल्यांची जुनी खोड आहे. आक्षेप मला मान्य आहे. माणसांचा समाज वायूसारखा असतो असं मला म्हणायचं नाही. माझं म्हणणं नेमकं उलट आहे: तो तसा नसतो, आणि कुठे नसतो हे मला या विषयाने बोट ठेवून दाखवलं. शास्त्रातून नीती निघत नाही. पण विधान करण्याआधी काय धरलं, काय सोडलं, कशाच्या बळावर सोडलं हे लिहून ठेवण्याची सवय शास्त्रातून घेता येते. निर्जीव वायूबद्दल बोलताना जी काळजी घेतली जाते, तेवढी तरी भुकेल्या माणसाबद्दल बोलताना घ्यावी, ही मागणी फार मोठी नाही.

जेन्सचं आणखी एक तत्त्व त्या वर्षी शिकले. १९५७ मध्ये त्याने असं मांडलं की आपल्याला जे खरोखर माहीत आहे त्याच्याशी जुळणाऱ्या वर्णनांपैकी ज्याची एन्ट्रॉपी सर्वांत जास्त, ते निवडावं. ऐकायला तांत्रिक वाटतं, पण अर्थ साधा आहे: जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं वागू नये. माहिती गाळणं हा एक दोष, तर नसलेली माहिती घालणं हा दुसरा.

हा दुसरा दोष भाषांतरकाराच्या घरचा आहे. बंगालीत सर्वनामाला लिंग नाही. 'शे' म्हणजे तो किंवा ती, आणि क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही. मराठीतून बंगालीत जाताना तो आणि ती एकाच शब्दात विरघळतात. उलट येताना मराठी दारातच अडवते: गेला की गेली ते आधी सांग. मूळ लेखकाने दिलेलीच नाही अशी माहिती माझ्याकडून मागितली जाते. बहुतेक वेळा संदर्भ सोडवतो. मात्र १९४३ वरची एक छोटी बंगाली कथा मी मराठीत आणत होते, तिथे संदर्भाचाही आधार नव्हता. दारोदार हिंडत भाताचं गाळून टाकलेलं पाणी मागणारा एक जीव, त्याला नाव नाही, वय नाही, आणि कथाभर तो फक्त 'शे'. लेखकाने हे ठरवूनच केलं होतं. मी 'तो' लिहिलं असतं तर वाचकाने एक पुरुष पाहिला असता, 'ती' लिहिलं असतं तर एक बाई. दोन्हीत मी त्या नोंद नसलेल्या माणसाबद्दल मला ठाऊक नसलेली गोष्ट छातीठोकपणे सांगितली असती.

वाट मराठीनेच दाखवली. आपल्या भाषेत सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माच्या मागे जातं. 'भांडं पुढे केलं', 'पाणी मागितलं', 'भिंत धरली': ही वाक्यं तो-ती सांगितल्याशिवाय उभी राहतात. चालणं, बसणं, पडणं यांत अडचण होती, तिथे पाय चालले, गुडघे टेकले, डोकं कलंडलं. शेवटी मरण आलं. मेला किंवा मेली याशिवाय गत्यंतर नाही असं वाटत होतं, आणि मग आजीच्या तोंडचे दोन शब्द समोर आले: जीव गेला. इथे क्रियापद जिवाच्या मागून जातं, माणसाच्या नाही. कोणाचा जीव, ते मागे मोकळंच राहतं. ती जागा मी मोकळी ठेवू शकले.

संपादकांनी हस्तलिखित वाचून फोन केला. म्हणाले, "बाई, वाचताना शेवटपर्यंत कळत नाही हो, हा पुरुष आहे की स्त्री." मी म्हटलं, "बंगालीतही कळत नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग राहू द्या."

विसरणं फुकट नसतं, हेही भौतिकी सांगते. १९६१ मध्ये रॉल्फ लँडाउअरने दाखवलं की माहितीचा एक बिट पुसायला ठरावीक किमान ऊर्जा लागते आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. ही उष्णता इतकी थोडी की प्रयोगात पडताळायला २०१२ साल उजाडलं. पाटी पुसली की पाटी कोरी होते, पण तिच्याभोवतीची हवा अणुमात्र का होईना तापते. माणसांच्या बाबतीत या किमतीचं एकक अजून कोणी ठरवलेलं नाही, आणि ते ठरेल असं मला वाटत नाही. पण एखादा आकडा समोर आला की मी आता पायथ्याचं ते बारीक अक्षर शोधते: काय स्थिर धरलं होतं, कोणते फरक सोडले, आणि ते सोडायचं कोणी ठरवलं. बहुतेक वेळा तिथे काहीच लिहिलेलं नसतं. तेव्हा तो आकडा वाचून झाला असं मी म्हणत नाही.